ट्रायपॉडपासून हातापर्यंत : माथेरानची सावली आणि कॅमेऱ्याचा इतिहास

१/ एकोणिसाव्या शतकातील गिरिस्थानांची छायाचित्रे पाहिली की डोंगर, बंगले आणि ताठ उभी माणसे दिसतात. ओझे घेऊन चढ चढणारा माणूस क्वचितच दिसतो. याचे एक कारण सामाजिक आहे, दुसरे रासायनिक. हा धागा दुसऱ्या कारणाविषयी आहे.

२/ मे १८५० मध्ये ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट माथेरानवर चढला. इंग्रजी नोंदी याला ‘शोध’ म्हणतात. ठाकूर, कातकरी, धनगर यांचा त्या डोंगरावर वावर आधीपासूनच होता. पुढच्याच वर्षी, १८५१ मध्ये, फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियनची ओली काच प्रसिद्ध केली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार.

३/ ओल्या काचेची अट कठोर होती. जागेवरच लेप द्यायचा, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते उमटवायचे. प्रकाश अनेकदा काही सेकंद द्यावा लागे. तेवढ्यात चालणारा माणूस पुसट होई किंवा नाहीसाच होई. कॅमेरा, काचा, रसायने वाहून आणणाऱ्या हमालाचे चालतानाचे चित्र त्याच कॅमेऱ्याला घेता येत नसे.

४/ १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती मांडली. त्या दशकाच्या अखेरीस तिचा वेग इतका वाढला की उन्हात सेकंदाच्या अंशात चित्र मिळू लागले. कॅमेरा हातात धरणे प्रथमच व्यवहार्य झाले. १९०१ मध्ये कोडॅकची ‘१२०’ रोल फिल्म आली. आजही मीडियम फॉरमॅटचे फिल्म कॅमेरे मुख्यतः हीच फिल्म वापरतात.

५/ १९२९ मध्ये रोलिफ्लेक्स आला. छातीशी धरून वरून पाहायचे, चौकट ६×६ सेंटिमीटर. होमाई व्यारावाला यांच्या हाती पुढे हाच कॅमेरा दिसतो. या चौकटीचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा सुमारे ३.६ पट. त्यामुळे तपशील भरपूर मिळतो.

६/ मात्र मोठ्या चौकटीची किंमत मोजावी लागते. ३५ मिलिमीटरला जे दृश्य ५० मिलिमीटरची भिंग दाखवते, त्यासाठी येथे सुमारे ८० मिलिमीटरची लागते. भिंग लांब झाली की फोकसची खोली घटते. ती परत मिळवण्यासाठी छिद्र लहान करावे लागते आणि प्रकाश आणखी कमी होतो.

७/ आता माथेरानचा पावसाळा घ्या. जांभळीची दाट छाया, धुके, ओली तांबडी वाट. समजा, आयएसओ १०० वर एफ/४ आणि १/१५ सेकंद असे माप येते. चालणारा माणूस स्पष्ट यायला १/२५० सेकंद हवा, म्हणजे आयएसओ १६००. पुढचा आणि मागचा असे दोघेही फोकसमध्ये हवेत म्हणून छिद्र एफ/८ केले, तर ६४००.

८/ फिल्मला हे झेपणे कठीण होते. १९५४ मध्ये ट्राय-एक्स रोल फिल्म आली. पुढे तिचा वेग ४०० ठरला. त्यापलीकडे फिल्म ताणून डेव्हलप करता येई, पण दाणा जाड होई आणि सावलीतला तपशील हरपे.

९/ डिजिटल युगाच्या आरंभीही अडचण सुटली नाही. मीडियम फॉरमॅटचे सीसीडी सेन्सर आयएसओ ५० ते १०० च्या आसपास उत्तम चालत. त्यापुढे लवकरच ‘नॉइज’ वाढे. त्यामुळे हे कॅमेरे मुख्यतः स्टुडिओत आणि ट्रायपॉडवरच राहिले.

१०/ २०१४ हे वळणाचे वर्ष. फेज वनच्या आयक्यू२५० मध्ये मीडियम फॉरमॅटला प्रथमच सीमॉस सेन्सर मिळाला आणि आयएसओ ६४०० पर्यंत गेला. त्याच वर्षी पेंटॅक्स ६४५झेड आला. सीमॉसमध्ये संकेत वाचताना मिसळणारा नॉइज बराच कमी असतो. शिवाय ४४×३३ मिलिमीटरचा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा सुमारे १.७ पट मोठा, म्हणून एकूण प्रकाशही अधिक गोळा होतो.

११/ २०१९ मध्ये फुजीफिल्मच्या जीएफएक्स१०० ने १०२ मेगापिक्सेलच्या सेन्सरला बॉडीतच स्थिरीकरण दिले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप थांबवते, समोरच्या माणसाची चाल नव्हे. तिच्यासाठी शटरचा वेगच लागतो आणि सावलीत तो उच्च आयएसओमुळेच मिळतो.

१२/ हे सारे आज महत्त्वाचे का? माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने माणसांनी ओढायच्या हातरिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आणि ई-रिक्षांचा पर्याय देण्याचा आदेश दिला. प्रथा जावी, यात दुमत नसावे. पण तिने ज्यांची शरीरे झिजवली, त्यांची नोंद तिच्याबरोबर जाता कामा नये.

१३/ ओल्या काचेच्या छायाचित्रकाराकडे यंत्राच्या मर्यादेची सबब होती. आपल्याकडे ती उरलेली नाही. छायेत, पावसात, चढावर राबणारा माणूस आता स्पष्ट टिपता येतो. त्याची अनुमती घ्यावी. त्याची हरकत नसेल तर नाव, ठिकाण आणि तारीखही लिहून ठेवावी. नाव नसलेले छायाचित्र उद्याच्या अभ्यासकाला अर्धेच सांगते.

१४/ घरात माथेरानच्या सहलीचे जुने फोटो असतील तर ते पुन्हा पाहा. आपल्या माणसांच्या मागे घोडेवाला, हमाल, रिक्षावाला कोणी उभा आहे का? फोटोच्या पाठीवर काही लिहिले आहे का? जे आठवते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा.