औषधखिडकीपलीकडचा रुग्ण

रुग्णालयाच्या औषधखिडकीवर गोळ्या मोजल्या जातात. रुग्णाला काय उमगले, हे मोजणे मात्र फार उशिरा सुरू झाले. १९८६ मध्ये मॉरिस्की व सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांसाठी चार साधे प्रश्न सिद्ध केले. त्यांतील एक बरे वाटताच औषध थांबवण्याविषयी होता. १९९० मध्ये हेपलर आणि स्ट्रँड यांनी औषधसेवेचे माप रुग्णाच्या जीवनमानाशी जोडले. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवले, की विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी ५० टक्केच रुग्ण उपचार नेमाने पाळतात.

भारतात १९४८ च्या फार्मसी कायद्याने व्यवसायाला चौकट दिली. २०१५ च्या नियमांनी समुपदेशन हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. ते पाळले गेले का, याचे उत्तर साठ्याच्या वहीत सापडत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते.