राखेचा खार

उडदाच्या पापडाचं पीठ भिजवताना घरात मिठावरून कधी वाद होत नाही. होतो तो पापडखारावरून. खार जास्त झाला की पापड तळताना लाल पडतो आणि जीभ चरचरते. मीठ वेगळं आणि खार वेगळा, हे पापड लाटणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. अरुणाचल प्रदेशातल्या ताप्योबद्दल लिहिणारे मात्र हा फरक विसरतात आणि त्याला सरळ ‘आपातानींचं मीठ’ म्हणून टाकतात.

आपातानी राहतात झिरोच्या खोऱ्यात. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये जेमतेम 32 चौरस किलोमीटरची सपाटी. या सपाटीचा तळहाताएवढा तुकडाही ते वाया घालवत नाहीत. नांगर नाही, बैल नाही. सगळी भातशेती हातांनी. बांधावर नाचणी. 1960च्या दशकापासून भाताच्या पाण्यात मासेही सोडायला लागले. अशा काटकसरी माणसांच्या चुलीवर राखेचाही पदार्थ झाला, यात मला तरी नवल वाटत नाही.

कृती अशी. ठराविक वनस्पती कापून वाळवायच्या, जाळायच्या. राख गार झाली की ती शंकूसारख्या गाळणीत भरायची आणि वरून थोडं थोडं पाणी सोडायचं. घाई केली तर पाणी राखेला न भिजवताच खाली जातं. खाली जे तपकिरी पाणी थेंब थेंब जमतं ते ‘पिला’. हा पिला तसाच स्वयंपाकात वापरतात, किंवा आटवतात. तो घट्ट होत होत भांड्याच्या तळाशी येतो. मग त्याचा गोळा पानात गुंडाळून निखाऱ्यांत भाजायचा. बाहेर येतं ते काळपट, दगडासारखं टणक ढेकूळ. हे ताप्यो. चव खारट, पण मागून कडवट आणि धुरकट. समुद्राच्या मिठात सोडियम असतं. वनस्पतीच्या राखेत भर असतो पोटॅशियमचा, आणि त्यातला बराचसा कार्बोनेटच्या रूपात. म्हणजे रसायनाच्या भाषेत हा पापडखाराचा नातेवाईक.

आणि कृतीही आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करायची रीत दिली आहे: झाड जाळा, राख सहापट पाण्यात कालवा, एकवीस वेळा गाळा, मग आटवा. तिथे तो चुलीसाठी नव्हे, मूळव्याध आणि चामखिळींवर लावायला. क्षार हा शब्दच ‘क्षर्’ या धातूशी जोडतात. क्षर् म्हणजे झरणं, पाझरणं. (झिरो आणि झिरपणं यांचा काडीचाही संबंध नाही, पण मोह होतो खरा.) त्याच क्षाराचा मराठीत खार झाला, आणि मग खारट, खारे दाणे, खारं पाणी अशी मिठाचीही सगळी पोरं त्याच्याच नावावर लागली. ताप्योला मीठ म्हणणाऱ्यांना मी फार हसू नये, हेच बरं. आपल्या भाषेनं तोच घोळ कधीच करून ठेवलाय.

ताप्योच्या जन्माची कथा सहसा एका वाक्यात उरकतात: मीठ मिळत नव्हतं, म्हणून राखेतून काढलं. यात तथ्य आहेच. समुद्र दूर, मीठ यायचं ते आसामच्या मैदानातून किंवा तिबेटकडून, तेही हातोहात, दुसऱ्यांच्या मुलखातून. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1944 साली झिरोत पोहोचला. त्याआधी तो हैदराबाद संस्थानात, आपल्या चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिला होता. त्याच्या लिखाणात आपातानी आणि शेजारच्या निशींमधले वैराचे, ओलीस धरण्याचे प्रसंग येतात. अशी भांडणं पेटली की वाटा बंद, आणि वाटा बंद म्हणजे मीठ बंद.

पण नुसती टंचाई हे कारण मला पुरेसं वाटत नाही. खाली मैदानात आसामी माणूस केळीची साल जाळून कोलाखार करतो. त्याच्या बाजारात मिठाच्या पिशव्यांची थप्पी आहे. तरी जेवणाची सुरुवात खारानंच होते आणि ‘खार खाणारा’ ही ओळख तो मिरवतो. टंचाई गेली की सोय जाते. खार गेला नाही, कारण तो मिठाची जागा भरतच नव्हता.

झिरोच्या ‘पिके’मध्ये हे दिसतं. बांबूचे कोंब, डुकराचं मांस आणि पिला. क्षारात भाजीचे तंतू सैलावतात. हरभऱ्यात चिमूटभर सोडा टाकणाऱ्याला हे ठाऊक आहे. दुकानातलं मीठ पदार्थ खारट करील, पण ही मऊपणाची आणि किंचित तुरट घोटाची करामत त्याच्याकडे नाही.

ताप्योमुळे आमच्यात गलगंड नाही, असंही तिथे अभिमानानं सांगतात. त्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. रोपात आयोडीन किती उतरतं हे मातीवर ठरतं.

आता ताप्यो करणारी घरं कमी झाली आहेत. दिवसभर राख भिजवत बसायला वेळ कुणाला? रोजच्या भाजीत पुड्यातलं आयोडीनयुक्त मीठ पडतं. पिके करायचं ठरलं की मात्र गाळणीत राख भरली जाते, आणि पहिला थेंब खाली पडेपर्यंत भांडं रिकामंच असतं.