सातबाऱ्यात न मावलेला कारखाना

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना घोरावाडीच्या पुढचेच स्थानक तळेगाव. पुणे-खंडाळा रेल्वे १८५८ साली सुरू झाली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९०८ मध्ये, तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा, आणि भट्टीपाशी जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय. इथे शिकलेल्या माणसांनी पुढे ठिकठिकाणी काचकारखाने चालवले. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. पण कारखान्यांच्या आपल्या इतिहासात जमीन सहसा येत नाही. वर्गणी कोणी दिली, भट्टी कोणी बांधली हे कळते. राख, फुटका माल, उरलेली रसायने कुठे पुरली हे कळत नाही. त्या काळी काचेतले बुडबुडे घालवायला जगभर सोमल वापरत, चकाकीसाठी शिसे वापरत. कोणा एका कारखान्यावर ठपका ठेवण्यासाठी हे सांगत नाही. बंद कारखान्याची जमीन स्वच्छ करायची तर पहिली अडचण नोंदीची येते, आणि ती नोंद ठेवण्याची सवय आपल्याला कधी लागलीच नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

सवय नाही म्हणावे तर आपला महसूल कारभार नोंदींवरच उभा आहे. सातबाऱ्यावर मालक असतो, पीक असते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजाही असतो. जमीन बिनशेती झाली की पिकाची नोंद थांबते आणि तिच्या जागी काहीच येत नाही. तिथे पन्नास वर्षे रंग उकळला की औषधे बनली, हे कागदाला ठाऊक नसते. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर केवढा लढा झाला! १९९१ च्या नियमावलीने शहर, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरवले, २००१ च्या दुरुस्तीने ते वाटे फक्त मोकळ्या जागेपुरते उरले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. कामगारांच्या घरांचा तो लढा न्याय्यच होता. पण सारा वाद क्षेत्रफळाचा झाला. रंगखात्याखालच्या मातीत काय मुरले आहे, हा प्रश्न त्यात मागेच राहिला.

यावर कोणी म्हणेल, नोंद करून काय साधते? अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात रसायने पुरलेली जागा कंपनीने १९५३ मध्ये एक डॉलरला शाळा मंडळाला दिली. खरेदीखतात धोक्याची सूचना होती. तरी तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली आणि १९७८ मध्ये कुटुंबांना हलवावे लागले. आक्षेप खरा आहे, पण त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. ती सूचना देणारा आणि घेणारा यांच्यातच राहिली. घर घेणाऱ्याच्या हाती पडली नाही. आजही मोठी कंपनी कारखाना विकत घेताना बहुधा माती तपासून घेते आणि अहवाल आपल्या कपाटात ठेवते. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवले आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. अशा प्रत्येक व्यवहारात मातीची तपासणी सक्तीची व खुली असावी, कारण खालचे पाणी दोन कंपन्यांच्या मालकीचे नसते. तळेगावभोवतीच्या मावळातला काळा खडक भेगांचा. वरच्या मुरमात झिरपलेले पाणी भेग नेईल तिकडे जाते, आणि विहीर कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याची असते.

दुसरा आक्षेप भावाचा. सातबाऱ्यावर असा शेरा पडला तर जमीन कोण घेईल? भाव पडेल हे कबूल. पण कर्जाच्या बोजानेही भाव पडतो, म्हणून बोजा लपवा असे कोणी म्हणत नाही. कर्ज फिटले की तो उतरतो, तसा माती शुद्ध झाल्यावर हा शेराही उतरावा. लपवल्याने खर्च वाचत नाही. कोडाईकनालच्या तापमापकांच्या कारखान्यातली पारा लागलेली काच २००१ मध्ये गावातल्या भंगारात सापडली, म्हणून कारखाना बंद पडला. माती शुद्ध करण्याचे काम आणि किती पारा उरला तर चालेल याचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. भोपाळच्या वायुकांड घडलेल्या कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा हलायला २०२५ उजाडले.

त्याच २०२५ च्या जुलैत केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने करायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायची, आणि खर्च दूषित करणाऱ्याने द्यायचा. नियम उशिरा आले, तरी त्यांचे स्वागत करायला हवे. मात्र यादी करणारा अधिकारी विचारणार कोणाला? बंद कारखान्याचा खड्डा कुठे होता हे फिटरला, भट्टीवाल्याला, गाळ वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला माहीत असते, आणि ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. मावळ तहसीलने आधी त्यांचे जबाब लिहून घ्यावेत, तलाठ्याने ते गट क्रमांकाला जोडावेत. मातीचे नमुने कुठून काढायचे हे मग प्रयोगशाळेला सांगता येईल.