दहा काड्यांचा गठ्ठा

पहिलीच्या वर्गात दशक शिकवताना दहा काड्यांचा गठ्ठा बांधतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांबू दारातच असल्यानं त्यासाठी बाजारात जावं लागत नाही. या गठ्ठ्याच्या भाऊबंदांत गाण्याचं अंग असलेला एक मास्तर आहे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

मूळ पुरुष म्हणून जर्मनीच्या फ्रीड्रिख फ्रोबेलचं नाव घेता येईल. १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला त्यानं मुलांच्या हाती लाकडी ठोकळे दिले. आठ लहान घन जोडले की एक मोठा घन व्हायचा. १८४४ मध्ये त्यानंच आया-लेकरांच्या खेळगाण्यांचं पुस्तक काढलं. ठोकळा आणि गाणं तेव्हा एकाच घरात नांदत होतं. पुढे माँटेसरीबाईंकडे दहा सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंतच्या लाल-निळ्या दांड्या आल्या, सुरांच्या घंटाही आल्या. पण दोन वेगळे संच म्हणून.

त्यांची गाठ पुन्हा घातली बेल्जियममधल्या थुअँ गावच्या जॉर्ज क्विझनेरनं; सुरुवातीला म्हटलेला गाण्याचं अंग असलेला मास्तर तो हाच. गाण्यात रमणारं पोर गणितात का अडतं, हा त्याचा प्रश्न. त्यानं एक ते दहा सेंटिमीटरच्या रंगीत दांड्या केल्या. दोन, चार, आठ या एका रंगकुळातल्या. तीन, सहा, नऊ दुसऱ्या. दोन तांबड्या शेजारी ठेवल्या की जांभळी एक भरते, हे पोराला डोळ्यांनी दिसतं. त्याचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. दांड्या जगभर गेल्या, गाणं मात्र वाटेतच गळालं.

आपल्याकडेही तसंच झालं. शेजारच्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली. त्यानंतर झाकीर हुसेन समितीनं जो आराखडा केला, त्यात हस्तोद्योग, गणित आणि संगीत तिन्ही होते. लोकांच्या लक्षात राहिली ती सूत कातायची टकळी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला परदेशी महाग साहित्याऐवजी भोवतालच्या वस्तू वापरल्या. माझ्या मते या वंशावळीतली सर्वांत शहाणी पिढी हीच.

इकडच्या जंगलातला बांबू मात्र ट्रक भरभरून बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जात राहिला. पोरांच्या हाती यायची काडी, आली वहीचं पान होऊन! धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तिनं आपला बांबू स्वतः विकला.

आता गावचा बांबू शाळेतही यायला हरकत नाही. मानवेल पुष्कळदा भरीव असतो, त्याच्या काड्या मोजायला घ्याव्यात. पोकळ कांडी फुंकायला. सतराव्या शतकात अहोबलानं ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात तारेच्या लांबीवरून सुरांच्या जागा ठरवल्या, तोच हिशोब नळीला लागतो. २४ सेंटिमीटरची नळी षड्ज धरली तर १८ ला मध्यम, १६ ला पंचम, १२ ला वरचा षड्ज. पोर लांबी मोजतं, तेव्हाच पाऊण, दोन तृतीयांश आणि निम्मं कानावर पडतं. तोंडाशी हवा थोडी बाहेरही हलते, म्हणून आखूड नळ्या कणभर उतरलेल्या लागतात; त्या घासून घ्याव्यात.

गुरुजींनो, कापताना एका टोकाला गाठ ठेवा, कडा घासून गुळगुळीत करा, आणि सूर जुळवायला झाडीपट्टी नाटकातल्या एखाद्या पेटीवाल्याला शाळेत बोलवा.