मोशी आणि इंद्रायणीकाठ : ग्रामीण स्वयंपूर्णतेच्या कल्पनेची एक तपासणी

मराठी मुलखातील जुने गाव स्वयंपूर्ण होते, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही. चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये उत्तर हिंदुस्थानातील गावांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली. पुढे ती साऱ्या देशास लागू करण्यात आली आणि राज्यकर्ते व राष्ट्रवादी या दोहोंनाही ती सोयीची वाटली. परंतु एखादा प्रदेश बाहेरच्या मदतीवाचून संकटात तग धरण्यास कितपत योग्य आहे, हे सुगीवरून ठरत नाही. पाऊस गेल्यावर कणगीत किती महिन्यांचे धान्य उरते, वैशाखात पाणी कोठून आणावयाचे आणि गुरे कोठे न्यावयाची, यांवरून ते ठरते. पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीच्या दक्षिण तीरावर वसलेले मोशी व त्याभोवतीचा हवेली तालुक्याचा भाग या कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे.

प्रथमदर्शनी हा प्रदेश भाग्यवान वाटतो. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्यास उगम पावते आणि तुळापुरास भीमेला मिळते. उगमापाशी वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्याच्या परिसरात तो सुमारे सातशेवर येतो. म्हणजे गावावर पाऊस रुसला तरी घाटमाथ्याचे पाणी दारावरून वाहते. मात्र दारावरून वाहणारे पाणी आणि शेतात पोचणारे पाणी या दोन भिन्न गोष्टी होत. मोटेने जेवढे उपसता येई तेवढेच पिकाला मिळे. पुढे खडकवासल्याचा मुठा कालवा झाला, पण तो मुळा-मुठेच्या दक्षिणेकडून पूर्वेस गेला. इंद्रायणीच्या खोऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. उलट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी उगमाजवळच वळवणचे धरण झाले आणि तेथले पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघराकडे वळले. इंद्रायणीच्या माथ्यावरच्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या.

धान्याची कथा अधिक बोलकी आहे. १६३०-३२ च्या दुष्काळात याच नदीच्या काठी, देहूस, एका वाण्याचे दुकान मोडले आणि त्याची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगांतून ही हकीकत कळते. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, हे घर भूमिहीन मजुराचे नव्हते. महाजनकी व व्यापार असलेल्या कुटुंबाची शिल्लक जेथे पुरली नाही, तेथे बलुत्यावर जगणाऱ्यांची काय कथा? बलुते खळ्यावर मिळे, पण खळेच झाले नाही तर बलुतेही नाही. शिवाय मीठ आणि लोखंड गावात पिकत नसे, ते बाहेरूनच येई. पुण्याहून चाकणमार्गे जुन्नरास जाणारी वाट या गोष्टी आणी आणि त्याच वाटेने फौजाही येत. १६६० मध्ये शायिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला सुमारे दोन महिने वेढा घातला. किल्ला लढविणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याचे नाव इतिहासात राहिले. एवढ्या मोठ्या फौजेची वैरण भोवतालच्या कोणत्या शिवारांतून गेली असेल, याचा विचार बखरकारांनी केला नाही.

पेशवाई संपल्यावर लगेच, १८१९ मध्ये, डॉ. टॉमस कोट्स याने लोणीकंद या हवेलीतीलच गावाचे वर्णन लिहिले. तेथील बहुसंख्य शेतकरी कुटुंबे त्या वेळीच कर्जात होती. इंग्रजी रोख वसुलीने सावकारी वाढली हे खरे, आणि १८७५ चे दंगे व १८७६-७८ चा दुष्काळ यांनी ते सिद्धही केले. पण त्याआधीचे गाव कर्जमुक्त होते, हा समज कोट्सच्या लेखापुढे टिकत नाही. डॉ. घुर्ये यांनी १९६० मध्ये त्याच लोणीकंदचा पुन्हा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही एकत्र वाचणे विद्यार्थ्यांस लाभदायक होईल.

याहून निर्णायक पुरावा मोशीच्या अगदी जवळचा आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरची पाहणी करून ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये तेथे सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१४-१५ मध्ये ते ७ एकरांवर आले होते. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ शेतीवर नीट जगू शकत होती. २८ कुटुंबे बाहेरच्या मिळकतीच्या आधारे तरली होती आणि उरलेली ६७ बुडीत होती. मॅन यांचा कल जमिनीला प्रमाण मानण्याचा असल्याने ती २८ कुटुंबे त्यांच्या मांडणीत दुय्यम ठरतात. वास्तविक पुढच्या इतिहासाची दिशा त्यांनीच दाखविली होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची मजुरी हीच त्यांची नवी कणगी होती.

१९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरीपर्यंत कारखाने पसरले. १९७२ च्या दुष्काळात हा पट्टा स्वतः धान्य पिकवून तगला नाही. इतर जिल्ह्यांतून आलेल्या दुष्काळग्रस्तांना त्याने मजुरी दिली. ज्या प्रदेशाला स्वतःचे पोट भरता येत नव्हते तो इतरांचा आसरा झाला, हे स्वयंपूर्णतेच्या भक्तांना अडचणीत टाकणारे सत्य आहे.

१९९७ मध्ये मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती आल्या. शहराचा कचरा डेपोही मोशीतच झाला. पाण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात शहराला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. त्यानंतर आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीत सोडून निघोजे येथे उचलण्याची योजना सुरू झाली. पुराचीही तीच गत. शेजारच्या चिखलीत नदीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडावे लागले.

मजुरीच्या कणगीलाही तळ असतो, हे त्याआधीच दिसले होते. २०२० च्या टाळेबंदीत चाकण व भोसरीचे कारखाने बंद पडले, आणि ज्यांना या पट्ट्याने पोसले होते ते कामगार गावाकडे निघाले. त्यांतले कित्येक चाकण-जुन्नरच्या त्या जुन्याच वाटेने, पायी, उत्तरेकडे गेले.