ट्रेकला जीपीएस वापरायला मोबाईल डेटा किती लागतो? रेंज गेली की रस्ता दिसायचा बंद होतो का?

शनिवारची रात्र. दादर स्टेशनवर कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलची वाट बघत पाठीवर सॅक लावलेले ग्रुप उभे असतात. कोणी गिरगावातून आलेलं असतं, कोणी परळचं, कोणी लालबागचं. पहाटे कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड चढायचा असतो. अशा वेळी कोणीतरी विचारतंच, "नेटपॅक मारलायस ना? वर मॅप बघायला लागेल."

खरं तर जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. डेटा लागतो तो नकाशाला. हा फरक माहीत नसला की दोन चुका होतात. काही जण रेंज गेली की फोन आता निकामी समजून सॅकमध्ये टाकतात. काही जण भरपूर डेटा आहे म्हणून निर्धास्त राहतात आणि टॉवरच नसलेल्या डोंगरात पोहोचल्यावर त्यांच्या स्क्रीनवर कोरी पाटी दिसते.

मग नेमका डेटा लागतो कुठे आणि किती? एकेक करून समजून घेऊ.

जीपीएस नेटशिवाय कसं चालतं?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा आहे. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत रेडिओ संदेश पाठवत असतात. 'मी अमुक उपग्रह, माझी जागा ही, आत्ताची वेळ ही,' असा त्या संदेशाचा साधारण अर्थ. तुमचा फोन तो फक्त ऐकतो. संदेश यायला किती वेळ लागला यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं आणि असे किमान चार उपग्रह मिळाले की फोन स्वतःची जागा काढतो.

म्हणजे हा प्रकार रेडिओ ऐकण्यासारखा आहे. ऐकणाऱ्याला रिचार्ज लागत नाही. आजचे बरेचसे फोन रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेईदू हे उपग्रहही वापरतात. काही फोनमध्ये इस्रोच्या 'नाविक'चीही सोय असते.

विश्वास बसत नसेल तर घराजवळच करून बघा. घरी मॅप उघडून शिवाजी पार्कचा भाग नीट दिसू द्या. मग फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा आणि मैदानाला एक फेरी मारा. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये निळा ठिपका तुमच्यासोबत सरकताना दिसेल.

मग डेटा लागतो कुठे?

तीन ठिकाणी.

१. ठिपका पटकन सापडायला. कुठला उपग्रह कुठे आहे याची माहिती उपग्रहच पाठवतात, पण त्यांचा वेग सेकंदाला फक्त ५० बिट असतो. एका उपग्रहाची नेमकी माहिती यायला साधारण ३० सेकंद लागतात आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं. नेट असेल तर फोन हीच माहिती इंटरनेटवरून काही क्षणांत घेतो. याला असिस्टेड जीपीएस म्हणतात. यासाठी लागणारा डेटा फार तर काही केबी असतो.

२. नकाशाचं चित्र दाखवायला. ठिपका म्हणजे फक्त दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. त्याच्याखालचे रस्ते, गावं, नद्या इंटरनेटवरून येतात. साधा नकाशा बघत चाललात तर तासाला काही एमबी जातात. सॅटेलाईट व्ह्यू लावलात तर त्याच्या कितीतरी पट. खरा खर्च इथे होतो.

३. आपली जागा दुसऱ्याला कळवायला. व्हॉट्सॲपवरचं लाईव्ह लोकेशन नेटवरूनच जातं. रेंज गेली की घरच्यांना तुमची शेवटची जागाच दिसत राहते.

चाललेल्या वाटेची नोंद ठेवायला मात्र डेटा लागत नाही. दर सेकंदाला एक नोंद आणि एका नोंदीला सुमारे १०० बाइट धरले, तरी सहा तासांच्या ट्रेकची फाईल २ एमबीच्या आसपास होते. ती फोनमध्येच साठते.

थोडक्यात हिशोब काय?

नकाशा आधीच उतरवून घेतला असेल तर डोंगरावर जीपीएससाठी शून्य डेटा लागतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकचं काम ट्रेकच्या आदल्या दिवशी घरी संपतं. वायफाय असेल तर पॅकलाही हात लावावा लागत नाही.

निघण्याआधी काय कराल?

गुगल मॅप्समध्ये ट्रेकचा भाग निवडून ऑफलाईन नकाशा डाउनलोड करता येतो. पायथ्याच्या गावापर्यंत गाडीने जायला तो पुरतो. पण ऑफलाईन असताना त्यात पायी चालण्याची दिशा मिळत नाही आणि सह्याद्रीतल्या पायवाटा त्यात फारशा नसतात.

डोंगरासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड यांसारखी ॲप जास्त कामाची. ती ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात. जगभरातल्या स्वयंसेवकांनी २००४ पासून उभा केलेला हा नकाशा आहे. त्यात बऱ्याच पायवाटा सापडतात आणि चढ किती आहे ते सांगणाऱ्या उंचीच्या रेषाही बघता येतात. आधी त्या वाटेने गेलेल्या कोणाची जीपीएक्स फाईल मिळाली तर तीही फोनमध्ये टाकून ठेवा.

नकाशा उतरवल्यावर नेट बंद करून तो उघडतोय का, हे घरीच बघा. आणि कसाऱ्याला उतरलात की रेंज असतानाच एकदा ॲप उघडून ठिपका स्थिर होऊ द्या. पुढे तो लवकर सापडतो.

डोंगरावर डेटापेक्षा बॅटरी महत्त्वाची

रेंज नसलेल्या जागी फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. म्हणून ग्रुपमधल्या किमान एका फोनला एअरप्लेन मोडवर ठेवा, लोकेशन चालू ठेवा आणि स्क्रीन गरजेपुरतीच उघडा. खिंडीत किंवा माथ्यावर पोहोचलात की मोड काढून रेंज तपासा. पॉवर बँक आणि तिची केबल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच.

जीपीएसलाही मर्यादा आहेत. मोकळ्या आभाळाखाली फोनचा ठिपका साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असतो. पण खोताच्या वाडीतल्या अरुंद गल्लीत तो जसा या घरातून त्या घरात उड्या मारतो, तसाच सांदण दरीच्या उंच कातळभिंतींमध्येही मारू शकतो. संदेश भिंतींवर आपटून येतो आणि फोनचा अंतराचा हिशोब चुकतो. कड्याच्या टोकाशी पाच-दहा मीटरची चूकही जीवावर बेतू शकते. तिथे स्क्रीन बघत चालू नका.

रस्ता चुकलात तर?

मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणीवर एकटाच गेलेला एक तरुण वाट चुकला. त्याने घरच्यांना फोन करून तसं कळवलं, पण नंतर संपर्क तुटला. शिवदुर्ग मित्र या संस्थेसह एनडीआरएफच्या पथकांनी जंगल धुंडाळलं. चार दिवसांनी त्याचा मृतदेह दरीत सापडला. 'मी हरवलोय' एवढ्या माहितीवर शोधणाऱ्यांना केवढा डोंगर पालथा घालावा लागतो, ते अशा घटनांतून कळतं.

म्हणून आपले अक्षांश-रेखांश कसे बघायचे ते आधीच शिकून ठेवा. गुगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्याच्या जागी बोट दाबून धरलं की आकडे मिळतात. आयफोनच्या कंपास ॲपमध्ये ते खालीच दिसतात. दशांश चिन्हानंतरचे पाच अंक कळवा. तीनच अंक दिलेत तर चूक १०० मीटरपर्यंत जाऊ शकते, पाच दिलेत तर मीटरभराची.

हे आकडे साध्या एसएमएसने पाठवा. त्याला डेटा लागत नाही आणि बोलणं तुटत असेल इतक्या कमी रेंजमध्येही तो जाऊ शकतो. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी सॅटेलाईट मेसेंजर यंत्रं मात्र भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाहीत.

ठिपका बरोबर, नकाशा चूक

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईच्या ट्रेकसाठी पुण्याहून कारने निघालेले तिघे जण रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ पोहोचले. मोबाईलवर दिसणाऱ्या रस्त्याने ते पुढे गेले. त्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी पाण्यात गेली. दोघे बाहेर पडले, एकाचा जीव गेला.

इथे रेंज, डेटा किंवा उपग्रह असून काही फरक पडला नसता. रस्ता पाण्याखाली आहे हे नकाशाला माहीत नव्हतं, गावातल्या माणसांना होतं. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं. पुढची वाट चालण्यासारखी आहे का, हे त्याला कळत नाही. ते पायथ्याच्या गावात विचारावं लागतं.

तेव्हा पुढच्या ट्रेकला "नेटपॅक मारलायस ना?" असं कोणी विचारलं, तर उलट तीन गोष्टी विचारा. नकाशा फोनमध्ये उतरवलाय का? बॅटरी भरलेली आहे का? आणि आपण कुठल्या वाटेने जाऊन कधी परतणार, हे घरी सांगितलंय का?