फणसाळंब्याचे चुकलेले नाव

पावसाळा सरता सरता आम्ही मुलचेऱ्याला गेलो होतो. आलापल्लीकडून येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग, ऐन, धावडा, मोह. सोबत तिथल्या शाळांमधले काही शिक्षक आणि अकरावीची मुले. मुले पुढे धावत आणि जे सापडेल ते आणून दाखवत. एका मुलीने वाळकी फांदी आणली. तिच्यावर तपकिरी रंगाची, कागदासारखी पातळ नरसाळी ओळीने उगवली होती. वरच्या अंगाला फिकट-गडद वलये, खाली आखूड पिवळसर देठ. तिने विचारले, "सर, हे काय आहे?" आणि आम्ही तोंड उघडण्याच्या आत, "हे खातात का?"

या मुलखात दुसरा प्रश्न मुळीच पोरकट नाही. पावसाळ्यात सात्या आणि टेकोडे घरोघरी शिजतात, आणि ते ओळखण्यात इथल्या बायकांचा हात धरणारा वनस्पतिशास्त्रज्ञ आम्ही पाहिलेला नाही. पण ही ओळख मातीतून आणि वारुळातून वर येणाऱ्या अळंब्यांची. खोडावरच्या टणक कवकांपाशी आमच्या सोबतच्या मुलांची नावे एकदम आटली. एक मुलगा म्हणाला, "कुत्र्याची छत्री." १९६०-७०च्या दशकांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्या या तालुक्यात आहेत. त्यांतल्या एका घरचा मुलगा म्हणाला, "ब्याङेर छाता", म्हणजे बेडकाची छत्री. प्राणी बदलला, छत्री तीच!

हसण्यासारखे यात काही नाही, कारण शास्त्रज्ञांचीही सुरुवात अशीच झाली. १७५३ साली लिनिअसने खालच्या बाजूला पत्र्यांसारखे पापुद्रे असलेली कवके 'अगॅरिकस' या प्रजातीत घातली आणि बारीक छिद्रे असलेली 'बोलेटस'मध्ये. पुढे स्वीडनच्या एलियास फ्रीसने ही व्यवस्था पुष्कळ बारकाईने मांडली. आमच्या हातातल्या पिवळ्या पायाच्या नरसाळ्याला नाव दिले तेही त्यानेच, १८१८ साली: पॉलिपोरस झँथोपस. झँथोपस म्हणजे पिवळ्या पायाचा. आज त्याला मायक्रोपोरस झँथोपस म्हणतात. फ्रीसची भिस्त बाह्य रूपावर होती. आकार, रंग, देठ, छिद्रे, जे डोळ्याला किंवा भिंगाला दिसेल ते.

भारतातील नमुनेही याच रीतीने ओळखले गेले. हूकरने १८४८ ते १८५० या काळात हिमालयात गोळा केलेली कवके इंग्लंडला बर्कले नावाच्या पाद्र्याकडे गेली आणि त्याने त्यांची वर्णने छापली. झाड इथे, नमुना वाळून तिथे, नाव लॅटिनमध्ये. अशा व्यवस्थेत चुका होणारच. त्यातली एक चूक आपल्या महाराष्ट्रातली आहे. तिच्यासाठी मुलचेऱ्याहून थेट कोकणात जावे लागेल.

कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर एक लाकडासारखे कठीण, तपकिरी कवक येते. त्याला फणसाळंबे किंवा फणसांबा म्हणतात. ते उगाळून त्याचा लेप हिरड्यांना लावण्याची, लहान मुलांचे तोंड आले तर देण्याची चाल जुनी आहे. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे काम पाहणाऱ्या विल्यम डायमॉकने १८८०च्या दशकात पश्चिम भारतातील वनौषधींवर ग्रंथ लिहिला, त्यात हे फणसाळंबे नोंदवले. उपयोग लिहिला, मराठी नाव लिहिले आणि पुढे शास्त्रीय नाव दिले, अगॅरिकस ऑस्ट्रिएटस.

हे नाव धिंगरीचे आहे! बाजारात पिशवीतून मिळणारी पांढरी-करडी, मऊ, खालून पापुद्रे असलेली, दोन दिवसांत मऊ पडणारी ती धिंगरी. फणसाळंबे वर्षानुवर्षे खोडावर टिकते, त्याच्या खाली पापुद्रे नसून सुईच्या टोकाहून लहान छिद्रे असतात आणि ते कापायला सुरी पुरत नाही. डायमॉक हा अतिशय काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता, तेव्हा हे कसे झाले? आमचा तर्क असा, की एकाच कुजत्या बुंध्यावर दोन्ही येऊ शकतात आणि नाव देणाऱ्यासमोर भलताच नमुना आला असावा. तो तर्कच आहे. पण पुढच्या औषधी-कोशांनी हे नाव तसेच उतरवून घेतले ही गोष्ट खरी. कोश वाचून कोणी या औषधाची परीक्षा करायला बसला असता, तर त्याने भाजीची परीक्षा केली असती.

दरम्यान ओळखण्याची रीतच बदलली. गंमत अशी, की बदल घडवला तो आमच्या पिवळ्या पायाच्या नरसाळ्याने. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या कॉर्नरने १९३२ साली याच कवकाचे अंग सूक्ष्मदर्शकाखाली उकलून दाखवले. कवकाचे शरीर तंतूंचे असते हे माहीत होते. कॉर्नरने दाखवले, की ते सगळे तंतू सारखे नसतात. काही पातळ भिंतीचे, वाढणारे आणि बीजाणू तयार करणारे. काही जाड भिंतीचे, लांब, सांगाड्याचे काम करणारे. काही फाटे फुटलेले, बाकीच्यांना विणून बांधणारे. पिवळ्या पायाच्या नरसाळ्यात तिन्ही सापडतात, म्हणूनच ते इतके पातळ असूनही चामड्यासारखे चिवट असते. खातात का, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आले.

आपल्याकडे कलकत्त्याच्या सहायराम बोस यांनी बंगालच्या छिद्रधारी कवकांवर दीर्घकाळ काम केले होते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांचा झाडांवरील आणि इमारती लाकडावरील भारतीय छिद्रधारी कवकांचा ग्रंथ १९७१ साली निघाला. वनखात्याला यात रस असण्याचे कारण उघड आहे. बाहेरून ठणठणीत दिसणारे झाड आतून पोकळ झाले असेल, तर ते सांगणारी खूण बहुधा खोडावरचे हे कवकच असते.

फणसाळंब्याचा निकाल लागायला मात्र १९९३ साल उजाडावे लागले. पुणे विद्यापीठातील वैद्य आणि रब्बा यांनी लोकवैद्यकातील कवकांवर लेख लिहिला, आणि फणसांबा हा फेलिनस गटातील आहे हे पुढे आले. डायमॉकच्या ग्रंथानंतर सुमारे शंभर वर्षांनी!

फेलिनस आणि त्याच्या भाऊबंदांची एक खूण शाळेतही पाहता येते. कवकाच्या आतल्या तपकिरी भागाचा लहान तुकडा काढा आणि त्यावर कॉस्टिक पोटॅशच्या सुमारे पाच टक्के द्रावणाचा एक थेंब टाका. तुकडा काही क्षणांत काळा पडतो. थेंब शिक्षकांनीच टाकावा, कातडी आणि डोळे सांभाळून.

यातून कुळ कळते, जात नव्हे. डीएनएच्या अभ्यासानंतर तर खुद्द फेलिनसचीच अनेक प्रजातींत वाटणी झाली. आम्हीही यातून सुटलेलो नाही. वीस वर्षांपूर्वी लाखेसारखे चकचकीत, तांबडे कवक दिसले, की आम्ही बिनदिक्कत 'गॅनोडर्मा ल्युसिडम' अशी चिठ्ठी लावत असू. ती जात १७८१ साली लंडनजवळच्या नमुन्यावरून वर्णिलेली. चीनमध्ये त्याच नावाने औषध म्हणून वाढवले जाणारे कवक वेगळेच असल्याचे दाखवून २०१२ साली त्याला नवे नाव दिले गेले. ते वाचल्यावर आम्ही आमच्या जुन्या पाकिटांवरची 'ल्युसिडम' ही अक्षरे एकेक करून खोडली. अजून काही पाकिटे राहिली आहेत.

मुलचेऱ्याहून परतताना रस्त्याकडेच्या एका उभ्या ऐनावर घोड्याच्या खुरासारखे कवक दिसले. तुकडा काढला, थेंब टाकला, तो काळा पडला. मुलांनी पाकीट तयार केले. झाड ऐन, जिवंत, कवक जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, छिद्रे तपकिरी, पोटॅशने काळे, तारीख, गाव. नावाच्या ओळीत एकाने पेन्सिलीने 'फेलिनस?' लिहिले. ते पाकीट आम्ही पुण्याला आणले आहे. आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर कवकसंग्रहातील नमुन्यांशी ते अजून ताडून पाहायचे आहे.